वाढवलेलं दुकान

दुसऱ्याच्या गादीला दुसऱ्याच्या घराचा वास असतो. शिवण उसवली की तो आधी नाकात शिरतो आणि मग दिवसभर घासाघासात येतो. डोक्याचं तेल, लेकराचं मूत, औषधं, कुणाचं तरी लांबलेलं आजारपण. सुनेला त्याची सवय झाली आहे असं सगळे म्हणायचे. सवय कसली होते? नाक घरी ठेवून कामाला येता येत नाही, एवढंच.

त्या सकाळी ती पेठेत, स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवर बसून गादी शिवत होती. दुकान म्हणजे तिच्या पाठीमागचं खाली ओढलेलं शटर. गंजाने त्याच्या पट्ट्या एकमेकींना धरून बसलेल्या. वरच्या पाटीवर ‘गादी भांडार’ एवढं अजून वाचता येत होतं, खालची बारीक अक्षरं उन्हाने खाल्ली होती. घर मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. तिथे दुहेरी गादी पसरायची तर माणसं बाहेर काढावी लागली असती. म्हणून काम मिळालं की सून आणि सासरा गिऱ्हाइकाची गादी डोक्यावर घेऊन इथे यायचे. पायरी रुंद होती आणि दुपारपर्यंत ऊन असायचं. कापसाला ऊन लागतं. माणसाचं कोण विचारतो.

सासरा पायरीच्या वरच्या टोकाला बसलेला. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला धुतला सदरा, पाठ शटरला टेकलेली, जणू आत्ता कुणी येईल आणि म्हणेल, लग्नाचं काम आहे, चार गाद्या दाखवा. पेठ त्याला गादीवाला म्हणायची. त्याच्या बापालाही तेच म्हणायची. डाव्या अंगठ्याला दाभण टोचून टोचून खळगा पडलेला होता, त्यात तंबाखू मावेल एवढा. दाभण आता सून चालवायची. म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटायचा, मग टाका वाकडा पडायचा, मग तो दाभणाला शिव्या द्यायचा.

पेठेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. आधी गावाबाहेरून मोठा रस्ता निघाला. मागोमाग बसस्टँड तिकडे गेलं. मग त्या रस्त्याला काचेची एक दांडगी इमारत उभी राहिली. आत सरकते जिने आणि थंड हवा. लोक आधी सहकुटुंब नुसती हवा खायला जायचे. मग येताना स्पंजची गादी घेऊन येऊ लागले, गुंडाळी करून, प्लास्टिकमध्ये, मोटारीच्या टपावर बांधून. पेठेतून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचे की काय कोण जाणे.

दुकानं एकामागून एक मिटली. पण तसं म्हणायचं नव्हतं. पेठेत संध्याकाळी शटर ओढताना कुणी ‘बंद करतो’ म्हणत नसे. ‘वाढवतो’ म्हणत. चला, वाढवा आता. आज लवकर वाढवलं का? गादीवाला तर या बाबतीत कडवा होता. सून नवी नवरी असताना एका संध्याकाळी दुकानात आली आणि म्हणाली, “बाबा, दुकान बंद करून या, जेवायला वाढते.” म्हातारा त्या दिवशी जेवलाच नाही. ताट तसंच उचललं गेलं. तेव्हापासून कुणी तो शब्द तोंडात आणायच्या बेतात दिसलं की त्याचा उजवा तळवा आपोआप वर यायचा, रहदारीच्या पोलिसासारखा. मग कायमची खाली आलेली शटरंही ‘वाढवलेली’च झाली. कापडवाल्याने वाढवलं, भांडीवालीने वाढवलं, चपलांच्या दुकानाने वाढवलं. समोरचा घड्याळजी म्हणायचा, “पेठ इतकी वाढली रे गादीवाल्या, की शेवटी मी आणि कुत्री, एवढेच उरलो.”

गादीवाल्यानेही वाढवलं. त्या दिवशी तो पायरीवर उभा राहून पेठेच्या दोन्ही टोकांकडे बघत होता. कुणीतरी विचारावं, आज लवकर? असं त्याला वाटत होतं. विचारायला कुणी नव्हतं.

तर त्या सकाळी कॅनव्हासचे बूट घातलेली एक पोरगी पेठेतून चालत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात काचेची पाटी, बोटाने लिहायची.

“नमस्कार आजोबा. पालिकेकडून पाहणी करतोय. पेठेचं पुनरुज्जीवन होणार आहे.”

“काय होणार आहे?”

“पेठ परत जिवंत करायची आहे.”

“मेली कधी?” म्हातारा म्हणाला.

पोरगी हसली. चांगली होती बिचारी, घाम पुसायलाही थांबत नव्हती. सुनेने मान वर केली, पण तिच्या दातांत दोरा होता आणि दाभण गादीत अर्धं गेलेलं. हात सोडला तर टाका सैल पडला असता.

“हे दुकान तुमचं?”

“माझ्या बापाचं. मग माझं. गाळा पालिकेचा.”

“आणि आता काय स्थिती आहे? चालू आहे की ब...”

तळवा वर आला. “वाढवलंय,” म्हातारा म्हणाला.

“वाढवलंय? अरे वा!” पोरीचा चेहरा उजळला. “कधी?”

“झाली की वर्षं. बसस्टँड हललं, त्याच्या पाठोपाठ.”

“म्हणजे बाकीचे सगळे अडचणीत असताना तुम्ही वाढवलंत?”

“अडचण होती म्हणूनच वाढवलं. नाहीतर हौस म्हणून कोण वाढवतं?”

“खरंय, खरंय. मग आता काम कुठून चालतं?”

“घरून. ही सून करते, मी करतो. सगळं घर राबतं. पोरगा तिकडे मोठ्या रस्त्याला असतो, गाद्यांच्याच गोदामात.”

“तिकडेपण!” पोरगी बोटाने भराभर लिहीत होती. “ग्रेट. अभिनंदन हं, आजोबा.”

ती पुढे गेली. म्हातारा तिच्या पाठीकडे बघत राहिला. “अभिनंदन कशाचं गं?”

सुनेने दातांतला दोरा काढला. “शिकलेल्या असतात बाबा. काहीही झालं की अभिनंदन म्हणतात. सवय असते.”

समोर पोरगी घड्याळजीकडे पोचली होती. घड्याळजीचं शटर अर्धं वर असायचं, वाकून आत जावं लागायचं, आणि आठवड्यातून एखादं घड्याळ तरी त्याच्याकडे यायचंच. त्याला काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण उत्तर आख्ख्या पेठेने ऐकलं.

“बंद! ठार बंद! आतली घड्याळंसुद्धा बंद, ये बघ आत येऊन!”

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. संध्याकाळी घड्याळजी विडी ओढायला पायरीवर आला तेव्हा म्हातारा त्याच्याकडे बघेना.

“काय रे, गादीला काटे फुटले का?”

“दुकानात बसून असलं बोलतोस? लाज नाही?”

“तू वाढव, मी बंद करतो,” घड्याळजी म्हणाला. “कुत्र्यांना दोन्ही सारखंच.”

पावसाळा संपला आणि रस्ता खणायला घेतला. खणणारं यंत्र सकाळी सुरू व्हायचं आणि पेठेतल्या सगळ्या भिंतींचे दात वाजायचे. पायरीवर काम करणं संपलं, कापसात धूळ बसायला लागली. सून कापूस घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. शेजारीण मेहेरबानी केल्यासारखी गच्चीची किल्ली द्यायची आणि तासाने वर येऊन बघायची, कापूस वाळतोय की तिचे कपडे चोरीला जाताहेत.

गच्चीवर सून दोन्ही हातांत छड्या घेऊन कापूस झोडायची. जुना कापूस आधी दगडासारखा असतो. पहिले फटके अंगावरच परत येतात. मग गाठी फुटतात, कापूस थोडा थोडा श्वास घ्यायला लागतो, आणि सुनेचा श्वास थोडा थोडा कोंडायला लागतो. पापण्यांवर, कानांत, पोलक्याच्या आत, सगळीकडे तंतू. फडकं बांधूनही रात्री खोकल्यात पांढरं पडायचं. वरून खाली बघितलं की पेठ उघड्या पोटासारखी दिसायची, आतल्या नळ्या बाहेर काढलेली. आणि त्या खड्ड्याच्या कडेने म्हातारा फिरत असायचा. मुकादम असल्यासारखा.

“खाली काय घालतायत माहीत आहे का?” तो घरी येऊन सांगायचा. “पाण्याची वेगळी, सांडपाण्याची वेगळी, विजेची वेगळी. वर दगडाची फरशी. मोटारी आत येऊच द्यायच्या नाहीत. माणसांनी चालायचं. चालणारा माणूस दुकानात बघतो. मोटारीतला बघत नाही.”

पेठेत एकच बोलणं होतं. पालिका सगळे गाळे नवे करणार आणि ज्यांची दुकानं बुडाली त्यांना आधी देणार, जुन्याच भाड्याने. घड्याळजी म्हणायचा, बुडालेल्यांना आधी. भांडीवाली दुसऱ्या गावाहून लेकीकडून बघायला आली, तीही म्हणाली, बुडालेल्यांना आधी. आपण बुडालोय याचा लोकांना पहिल्यांदाच आनंद झाला होता.

सुनेचा नवरा सगळ्यात जास्त बदलला. तो त्या काचेच्या इमारतीच्या गोदामात स्पंजच्या गाद्या उचलायचा. गादीवाल्याचा पोरगा. त्यांनी त्याला निळा शर्ट दिलेला, पाठीवर लिहिलेलं, ‘सुखाची झोप’. ते पाठीवर घेऊन तो रोज पेठेतून यायचा, आणि यायला मुद्दाम अंधार करायचा. सुनेने तो शर्ट कधी दोरीवर वाळत घातला नाही. आतच घालायची, दाराच्या खिळ्याला.

एका दुपारी तो भर उन्हात, नुसत्या बनियनवर घरी आला.

“अहो, शर्ट कुठे?”

“सुपरवायझरच्या टेबलावर.”

“म्हणजे?”

“काढला आणि ठेवला. म्हटलं, साहेब, तुमची झोप तुम्हालाच लखलाभ. माझ्या बापाची गादी आहे, ती चालवायची आहे.”

“असं म्हणालात?”

“असंच म्हणालो. सगळे पोऱ्ये हसले. तोपण हसला. म्हणाला, राजाच आहेस तू.”

सून हसली. हसता हसता खोकली. म्हातारा आतल्या खोलीत होता, त्याने ऐकलं होतं. बाहेर आला आणि पोराच्या उघड्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. बनियनवाला पोरगा आणि कंपवाला बाप. त्या दिवशी घरात सगळे जरा मोठ्याने बोलत होते.

दुसऱ्या दिवशी शटरला तेल घातलं. नवरा हातोड्याने पट्ट्या सैल करत होता, सून तेलाची धार धरत होती, म्हातारा ‘हळू, हळू’ करत होता. शटर किंचाळत गुडघ्याएवढं वर आलं, अडलं, आणि मग एकदम सगळं वर गेलं. आतून गार, उंदरांचा, जुन्या कापसाचा वास आला. दुसऱ्याचा नाही, आपला. कापूस पिंजायचं यंत्र कोपऱ्यात होतं तसं होतं, दातांवर तांबडा गंज. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात फिरवला, जनावराच्या फिरवावा तसा. उरलेल्या कापसात उंदरीण व्यालेली. नवऱ्याने पिल्लं फावड्यावर घेतली तर म्हातारा म्हणाला, “मागे सोड. मारू नको. आज नको.”

सुनेने तीन दिवस घासलं. गुडघे सोलले, नखं गेली. पाटीवरची अक्षरं तिने स्वतः पुसली, रंगवायची पुढे ठरवू म्हणाली. भिंतीवर खिळा ठोकला, त्याला डब्याची पिशवी अडकवायची. तिची दुकानातली पहिली वस्तू. आजवर दुकान सासऱ्याचं होतं, नवऱ्याचं होणार होतं, तिने फक्त शिवलं होतं.

गाळेधारकांची नावं पालिकेच्या सभागृहात वाचून दाखवणार होते. तिघंही गेले. म्हाताऱ्याच्या सदऱ्याला इस्त्री. समितीचा अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर कोण, तर कापडवाला. पेठेतून पहिला निघालेला, मोठ्या रस्त्याला तयार कपड्यांचं दुकान काढून चांगला लठ्ठ झालेला. आता पेठ परत जिवंत करायला तोच.

पहिलं नाव घड्याळजीचं आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग भांडीवाली. मग चपलांचं दुकान. म्हातारा प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होता आणि दर वेळी पायांत बळ आणत होता, आता उठावं लागेल म्हणून. नावं संपली. कापडवाल्याने पाणी पिऊन उभं राहून आभार मानले. खुर्च्या सरकल्या. म्हातारा तसाच बसून होता, तळवे गुडघ्यांवर.

“राहिलं असेल,” तो म्हणाला. “वाचताना एखादं राहतं.”

सून कापडवाल्याच्या कचेरीत एकटीच गेली. नवऱ्याला घेऊन गेली असती तर हाणामारी झाली असती. कापडवाल्याने खुर्ची दिली, चहा सांगितला.

“अगं, तुमचा धंदा तर वाढलाय ना? पाहणीत आलंय तसं. घरून काम, मोठ्या रस्त्याला गोदाम, माणसं कामाला. ज्यांचं वाढलं त्यांना मदत कशाला? बुडालेल्यांचा हक्क का मारायचा?”

सुनेला आधी कळेना. मग कळलं. ती पोरगी, तो ‘अरे वा’, ते अभिनंदन, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. त्या वेळी दातांत दोरा होता. आत्ता नव्हता.

“काका, बाबा म्हणाले असतील वाढवलंय. वाढवलंय म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही? शेजारी दुकान होतं तुमचं. रोज संध्याकाळी तुम्हीच हाक मारायचात, गादीवाले, वाढवा आता.”

कापडवाला हसला. मोकळं, पोट हलवून हसला. “माहीत आहे गं! मला माहीत नसायला काय झालं? मी वाचलं तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितलं, बघ, गादीवाल्याने काय घोळ घातला.”

“मग तेव्हाच दुरुस्त का नाही केलंत?”

“मी कसं करणार? त्याच्या तोंडचं आहे. ज्याच्या नावावर गाळा, त्याने समितीपुढे येऊन स्वतः सांगायला हवं, दुकान बंद होतं म्हणून. तसा नियम आहे. चहा घे, निवतोय.”

तिने चहा घेतला नाही. एवढंच तिच्या हातात होतं.

घरी तिने सांगितलं तेव्हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला.

“एक शब्द आहे, बाबा!” पोरगा ओरडला. “दोन अक्षरं! मी नोकरी सोडून बसलोय आणि तुमच्या तोंडून दोन अक्षरं निघत नाहीत?”

“माझा बाप गेला त्या दिवशी लोकांनी विचारलं, आज दुकान कसं? मी म्हटलं, वाढवलंय. बाप दारात ठेवलेला होता तरी तसंच म्हटलं.”

“म्हणून काय झालं? आजोबा उठले का?”

“तोंड सांभाळ.”

सून मधे बोलली नव्हती. ती पिठाच्या डब्यापाशी बसली होती. तिने डबा उपडा केला, बुडावर थाप मारली, आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “मग मी काय म्हणू बाबा? पीठ वाढवलंय म्हणू?”

म्हातारा भिंतीलाच म्हणाला, “कधी जायचंय?”

समितीची खोली थंड होती. लांब टेबल, प्रत्येकापुढे झाकलेला पाण्याचा पेला. ती पाहणीवाली पोरगीही एका टोकाला बसलेली, मान खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत. म्हाताऱ्याला कुणी बस म्हटलं नाही. विसरले असतील. सून दाराशी उभी राहिली.

“बोला गादीवाले,” कापडवाला म्हणाला. “पाहणी झाली तेव्हा दुकानाची स्थिती काय होती?”

“तुला माहीत नाही?”

“मला माहीत असून काय उपयोग? तुमच्या तोंडून यायला हवं.”

म्हातारा टेबलाकडे बघत होता. उजवा तळवा थोडा वर आला, मग त्याने तो डाव्या हाताने धरून खाली ओढला. सुनेने ते पाहिलं. तिला वाटलं, आत जावं आणि म्हणावं, जाऊ दे बाबा, चला. पाय हलले नाहीत. तो खिळा तिच्या डोळ्यांपुढे होता.

“बंद होतं,” म्हातारा म्हणाला.

“जरा मोठ्याने. या टोकाला ऐकू आलं नाही.”

“बंद होतं! बंद पडलं होतं! बुडालं होतं, बंद!” आवाज चिरकला आणि फाटला. पाहणीवाल्या पोरीने डोळे पुसले. कापडवाल्याने पेन खाली ठेवलं.

“ठीक आहे. बसा बाहेर. विचार करतो.”

विचार काय, डोंबल. नावं वाचली त्या दिवसापासून ते पेठेत फिरकले नव्हते. बाहेर पडून तिथून परत येताना त्यांनी पाहिलं, त्यांच्या गाळ्याचं शटर वर होतं. आत दोन गवंडी चकचकीत फरशी बसवत होते. पिंजायचं यंत्र बाहेर पायरीवर काढून ठेवलेलं, त्यावर कुणीतरी सिमेंटची पाटी उपडी घातलेली. सुनेने गवंड्याला विचारलं, कधीपासून काम चालू आहे? तो म्हणाला, परवापासून. कॉफीचं दुकान होतंय म्हणे, कापडवाले शेठच्या जावयाचं.

म्हणजे म्हाताऱ्याला बोलवायच्या आधीच गाळा गेलेला होता. मग बोलावलं कशाला? सुनेने गवंड्याच्या हातोडीने भिंतीतला आपला खिळा उपटून घेतला. गवंडी म्हणाला, एका खिळ्याने काय होणार आहे बाई. ती म्हणाली, काही नाही.

पेठ जिवंत झाली. खोटं कशाला बोला, सुंदर झाली. दगडी फरशी, वाकलेल्या मानेचे दिवे, झाडांच्या कुंड्या, बसायला बाकं. संध्याकाळी माणसं मावत नाहीत. काचेच्या इमारतीत जाणारी माणसं आता इथे येतात, मोटारी लांब ठेवून चालतात, आणि चालणारा माणूस दुकानात बघतो. म्हातारा बरोबर बोलला होता. घड्याळजीच्या दुकानाला काचेचं दार आलं. तो आता भिंतीला शोभतील अशी मोठी घड्याळं विकतो, आणि ती सगळी चालू असतात. पहिल्या दिवशी तो गादीवाल्याला बोलवायला घरापर्यंत आला होता, पण दारातून आत आला नाही. “मी काय म्हटलं होतं ते तू का नाही म्हटलंस रे,” एवढंच म्हणाला आणि गेला. चिडून म्हणाला की रडून, सुनेला कळलं नाही.

नवरा गोदामात परत गेला. सुपरवायझरने शर्ट जपून ठेवला होता. “या राजे,” म्हणाला आणि सगळ्यांसमोर तिथेच घालायला लावला.

आणि कॉफीवाल्या जावयाने जुनी पाटी ठेवली. लोकांना आवडते म्हणे. अक्षरं सुनेने पुसलेली होती, ती त्याने पेंटर लावून परत काढून घेतली, मुद्दाम उन्हाने खाल्ल्यासारखी. ‘गादी भांडार’. आत भिंतीला पिंजायचं यंत्र, खाली दिवा. बसायला त्याला खऱ्या कापसाच्या, हाताने शिवलेल्या बैठ्या गाद्या हव्या होत्या. गावात त्या शिवणारं एकच घर उरलेलं. सून नाही म्हणू शकली असती. डब्यात पीठ असतं तर म्हणालीही असती.

शेवटचा गठ्ठा द्यायला ती गेली तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता, गर्दी ओसरत होती. मागच्या दाराने या, असं तिला सांगितलेलं. ती मागच्या दाराने गेली, गाद्या मांडून दिल्या, एकीची शिवण उकललेली होती ती तिथेच दाभणाने घातली. तिने जिथे खिळा ठोकला होता तिथे आता आरसा होता. त्यात तिला आपल्या पापण्यांवरचा कापूस दिसला.

म्हातारा समोरच्या बाकावर बसला होता. रोज बसायचा. धुतला सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या. फक्त आता पाठीला शटर नव्हतं, शटर समोर होतं. कॉफीच्या दुकानातली मुलगी झाडू घेऊन बाहेर आली, बाकाखालचे कागदी पेले गोळा केले. गोड होती, रोज त्याच्याशी बोलायची.

“आजोबा, उठताय ना? बंद करतोय आम्ही.”

मागून वळसा घालून आलेली सून पुढच्या पायरीवर थांबली. दाभण हातात होतं. तिची नजर म्हाताऱ्याच्या उजव्या हातावर गेली. तो गुडघ्यावर होता. ती वाट बघत राहिली. मुलगीही थांबली, त्याने ऐकलं नाही असं तिला वाटलं.

“बंद करतोय म्हटलं, आजोबा.”

“कर,” म्हातारा म्हणाला. “बंद कर.”

नवं शटर विजेवर चालणारं होतं. कळ दाबली की आवाज न करता खाली यायचं. आलं.

सुनेने रिकामं पोतं खांद्यावर टाकलं, बाकापाशी गेली आणि म्हाताऱ्याच्या कोपराखाली हात घातला.

“चला बाबा, जेवायला वा...”

ती थांबली. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“चला,” ती म्हणाली. “जेवून घ्या.”